न पेटलेली मेणबत्ती

“हे नाणं नाही,” कर्जतच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “कडेला दुहेरी रेघ दिसते ना? नाण्याला अशी दिसत नाही. ही बटन बॅटरी आहे. अन्ननलिकेत अडकली आहे.”

एस्तेर माझ्या मांडीवर होती. माझी मुलगी, अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती. हनुवटीवरून लाळ सारखी ओघळत होती. बाहेर कुठल्याशा दुकानात नाताळची गाणी लागली होती. मला डॉक्टरांचाच राग आला. नाणं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?

दुपारपर्यंत सगळं छान होतं. नाताळला आमच्या कळंबच्या घरी सगळं गणगोत जमतं. सकाळची उपासना झाली, जेवणं झाली, ओसरीवर पोरांचा नुसता धुडगूस. माझ्या नणंदबाई, वत्सलाताई, रसायनीहून येताना बॅटरीवरच्या मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. आदल्या वर्षी खऱ्या मेणबत्तीने पडदा पेटता पेटता राहिला होता. “पोरांच्या घरात आग नको,” त्या म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मी जरा जास्तच.

तेवढ्यात माझी पाच वर्षांची पुतणी रिया धावत आली. “काकू, एस्तूनं पैसा खाल्ला!”

आमच्या घरात जाणती माणसं फार. त्यामुळे औषधाच्या आधी सल्ले येतात. कुणी पोरीची पाठ थोपटली, कुणी तिला उलटं धरायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “पैसाच हाय ना? घाबरतेस कायला? केळं भरव तिला. उद्या पडंल बाहेर.” गावात प्रत्येकाच्या पोराने कधी ना कधी नाणं गिळलेलं असतं आणि प्रत्येकाचं केळ्यावर निभावलेलं असतं. मीही केळं कुस्करलं.

एस्तेरने ते जिभेने बाहेर ढकललं. पाणीही बाहेर आलं. मग ती रडायची थांबली आणि मान ताठ करून बसून राहिली. दिसेल त्या ताटात हात घालणारी पोर करंजीकडे बघेना. सर्दी असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते ऐकायला बरं वाटलं.

तिन्हीसांजेच्या प्रार्थनेला मेणबत्त्या लावल्या. सगळ्या पेटल्या, एक पेटेना. “सेल उतरला असंल,” म्हणत वत्सलाताईंनी ती बाजूला ठेवली. आम्ही डोळे मिटून देवाचे आभार मानू लागलो. मी मध्येच डोळे उघडले. एस्तेरचं झबलं लाळेने चिंब झालं होतं आणि लाळेत तांबूस रेघ होती. मी ‘आमेन’ला थांबले नाही.

कर्जतचा रस्ता रिसॉर्टला आलेल्या गाड्यांनी भरलेला. दोन्ही बाजूंना रोषणाई, नाचगाणी. माझा नवरा सुहास हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

आणि आता हा एक्स-रे. बॅटरी म्हटल्यावर मला ती मेणबत्ती आठवली. घरी फोन लावला. “ताई, ती न पेटलेली उलटी करून बघा.” पलीकडे खुडबुड ऐकू आली. मग, “शालू, खालचं झाकण नाय गं. आत सेल बी नाय.”

डॉक्टर भराभर सांगत होते. इजा व्हायला बॅटरी फुटावी लागत नाही. ओल्या जागी तिच्यातून वीज वाहते आणि आतलं मांस जळू लागतं. दोन तासही पुरतात. “तोंडातून आता काहीही द्यायचं नाही. एंडोस्कोपी करावी लागेल, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून काढावी लागेल. इथे ते होणार नाही. मी पुढे फोन करतो, तुम्ही निघा.”

चौक गावाच्या आसपास अॅम्ब्युलन्स सुट्टीच्या गर्दीत अडकली. सायरन वाजत होता आणि आम्ही जागच्या जागी होतो. मी एस्तेरचा श्वास ऐकत होते. त्यात एक घरघर होती, सकाळी नव्हती.

मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यावर दुर्बिणीने बॅटरी निघाली. काळी पडलेली, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी चकती. मी हात जोडले, तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतक्यात नको. बॅटरी निघाली तरी भाजणं थांबत नाही. पर्फोरेशन होऊ शकतं, म्हणजे अन्ननलिकेला भोक. शेजारीच मोठी रक्तवाहिनी आहे. पुढचे काही आठवडे रक्ताची उलटी किंवा काळी शी दिसली, तर क्षणभरही थांबू नका.”

ते आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नाकातल्या नळीतून दूध जायचं. मी प्रत्येक लंगोट उजेडात नेऊन बघायची. पोर हसली तरी मला धडकी भरायची.

रक्त आलं नाही. पण स्ट्रिक्चर झालं, म्हणजे भाजलेली जागा आकसली. मग डायलेटेशन, फुगा घालून अन्ननलिका रुंद करणं. पुन्हा आकसली, पुन्हा फुगा. वर्षभर ती पेज आणि पातळ वरणावर होती. वाढताना परत आकसू शकतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना एवढंच सांगते. खेळणं, रिमोट, मेणबत्ती, आधी उलटं करा. झाकणाला स्क्रू नसेल तर घरात ठेवू नका. आणि मुलाने काही गिळलं असं कळलं, तर केळं शोधू नका, एक्स-रे काढा.

पुढच्या नाताळला वत्सलाताई यायला तयार नव्हत्या. वर्षभर त्यांनी एस्तेरला कडेवरही घेतलं नव्हतं. मी जाऊन त्यांना ओढून आणलं. आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मऊ घासांना परवानगी दिली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी खरी मेणबत्ती फळीवर उंच लावली. करंजीतलं सारण दुधात कालवलं आणि वाटी लेकीच्या हातात दिली. “तूच भरव गं वत्सा. नायतर तुझी भीती कवा जायाची?”

ताईंनी अर्धा चमचा सारण पुढे केलं. एस्तेरने घास घेतला. घरातली सगळी माणसं तिच्या गळ्याकडे बघत उभी राहिली, पोरंसुद्धा.

तिने गिळलं. आणि ताईंकडे बघत पुन्हा तोंड उघडलं.