मी वाचून दाखवलेले सोळा आकडे

नोटाबंदीनंतरच्या पावसाळ्यात एका बँकेने आमच्या धाकटी डहाणूत डिजिटल साक्षरता मेळावा घेतला. फलक होता, शाल होती, श्रीफळ होतं, आणि पाहुणे दीड तास उशिरा आले. उधव्याच्या शाळेतून मी नुकताच निवृत्त झालो होतो. शेवटच्या रांगेत बसून मी पाहुण्यांच्या भाषणातली विशेषणं मोजत होतो. एकोणीस भरली. त्यानंतर बँकेचा एक साधा कर्मचारी उठला, पाच मिनिटं काहीतरी सांगून खाली बसला. ती पाच मिनिटं मी शेजाऱ्याला एकोणीसचा हिशेब सांगण्यात घालवली.

माझ्या पुढच्या खुर्चीवर आमच्या शेजारची वहिनी होती. सुक्या मासळीची टोपली घेऊन ती उधव्याच्या बाजाराला जायची. मी नोकरीत असताना माझी आणि तिची एसटी एकच. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. नोटा ती रंगावरून ओळखायची, फोनमधली माणसं फोटोवरून. घरात डब्यात साठवलेले पैसे बँकेत ठेवायला मीच तिला लावलं होतं. त्या पैशांतून नवऱ्याच्या होडीसाठी नवी जाळी घ्यायची होती. जुनी जाळी आता शिवण्याच्याही पलीकडे गेली होती. ऑगस्टपर्यंत नवी आली नाहीत, तर स्वतःची होडी असून त्याला वेरावळला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं.

मेळाव्यानंतर आठवड्याभराने ती फोन हातात धरूनच माझ्या ओटीवर आली. “मास्तर, बँकेतून बोलतायत. हिंदी फार भरभर बोलतात. तुम्ही बघा.”

आमच्याकडे ही रीतच होती. हिंदी-इंग्रजीतलं काहीही आलं, वीजबिल असो की सरकारी पत्र, ते माझ्या ओटीवर यायचं आणि मी वाचायचो. मी फोन घेतला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. नोटाबंदीनंतर उघडलेल्या खात्यांची कार्डं तपासायची आहेत, नाहीतर उद्या बंद होतील, असं त्याने सांगितलं. मी शिक्षक आहे हे कळताच तो म्हणाला, “मास्टरजी, आप जैसे पढ़े-लिखे लोग मिल जाएँ तो हमारा काम आसान हो जाता है.” एकही विशेषण जास्तीचं नव्हतं. शाल पांघरून घेणाऱ्यांना आयुष्यभर हसलेल्या माणसाने ती शाल फोनवरून पांघरून घेतली.

वहिनीने कार्ड काढलं, पण लगेच दिलं नाही. “त्या सभेत तो बारका साहेब सांगत होता, नंबर कोणाला देऊ नका.”

“वहिनी, चोराला देऊ नका म्हणाला असेल. हे बँकवाले आहेत.”

“हे बँकवाले कशावरून?”

“त्या सभेतलं काय मनावर घेता?” मी म्हणालो आणि हात पुढे केला.

सोळा आकडे मी वर्गात पाढे म्हणावेत तसे स्पष्ट वाचले. कार्डाच्या मागचे तीन आकडेही वाचले. तिच्या फोनवर तीनदा संदेश आला, तीनदा त्यातला आकडा मी सांगितला. त्याच्या पुढे इंग्रजीत एक वाक्य होतं: हा आकडा कोणालाही सांगू नका. ते मी तेव्हा नव्हे, दुसऱ्या दिवशी बँकेच्या बाकावर बसून वाचलं. वाक्य पूर्ण वाचत नाहीत म्हणून मी पस्तीस वर्षं मुलांचे कान पिळले होते.

खातं रिकामं झालं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, “माहिती कोणी दिली?”

मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात वहिनी बोलली. “माझ्याच फोनवर आला होता फोन.”

“तसा अर्ज द्या.”

तिचे सगळे अर्ज मीच लिहायचो, हाही मीच लिहिला. ‘मी अनवधानाने माझ्या कार्डाची माहिती फोनवर दिली.’ अक्षर सुरेख आलं होतं. तिने खाली अंगठा दिला. खरं लिहून पैसे परत आले असते असं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या अक्कलहुशारीचीच मला आता लाज वाटते.

महिन्याभराने उत्तर आलं, तेही तिने माझ्याकडेच वाचायला आणलं. खातेदाराने स्वतः माहिती दिल्यामुळे बँक जबाबदार नाही. ‘स्वतः’ हा शब्द मी वगळला. “नाही म्हणतात,” एवढंच सांगितलं.

त्या हंगामात तिचा नवरा वेरावळला गेला. पुढच्या वर्षीही गेला. पावसाळ्यात तो घरी असला की मी त्यांच्याकडे चहाला जायचो. मी टेकलो की तो बायकोला हाक मारायचा, “अगं ए बँकवाली, मास्तरांना चहा दे. आणि कोणाचा फोन आला तर नंबर देऊन टाक हो.” ती हसायची, कप माझ्यापुढे ठेवायची. मी फुंकर मारून चहा प्यायचो.

२०१९च्या पावसाळ्यात एकदा ती बाजाराला गेलेली असताना मी त्याला सगळं सांगितलं. अर्जासकट. तो दुसऱ्या कोणाचं तरी जाळं विणत होता. हात थांबले नाहीत.

“तिला आकडे वाचता येत नाहीत, मास्तर. ते कोणी वाचले असतील हे कळायला मला काय बँकेत जायला हवं?”

“मग दोन वर्षं तिला का टोचत राहिलात?”

“तिला कुठे? तुम्ही नसताना विचारा तिला, एकदा तरी बोललोय का.” त्याने दातांनी दोरा तोडला. “ती म्हणायची, राहू द्या, मास्तरांना वाईट वाटेल. मी म्हटलं, बघू कधी वाटतं ते.”