बाजरीच्या दाण्याएवढी

ताईबाईनं सासू पहिल्यांदा पाहिली ती उंबरठ्यावर. खरं तर भुसावळचं इंजिन रूळ सोडून अंगणात शिरलेलं पाहिलं, असंच म्हणायला हवं. गोष्ट एकसष्ट सालची, पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली. नवरी माप ओलांडायला पाय उचलते तोच सासूनं, झुंबरबाईनं, तिचं बोचकं ओढून घेतलं. वाजंत्री थांबली, गाडीचे बैल रवंथ करायचे थांबले, नवरदेवाचा बाप अर्धी जांभई तशीच ठेवून थांबला. झुंबरबाईनं लुगडी झटकली, करंडा हुंगला, हळकुंडं दाताखाली धरून पाहिली. वऱ्हाडाला वाटलं, सोनं शोधतेय. पण आईनं पुढच्या नातवंडासाठी मायेनं बांधून दिलेल्या बाळघुटीच्या पुरचुंडीत, मुरडशेंग आणि वेखंडाच्या मध्ये, तिला हवी ती काळी गोळी सापडली. ती तिनं शेणाच्या पाटीत दाबली आणि म्हणाली, "आते ये माय घरमा."

गोळी अफूची होती. विकायला बंदी होती, म्हणून कपाशी वेचणाऱ्या बायांना मुकादम लोटन ती फुकट वाटायचा, संक्रांतीच्या वाणासारखी. बाजरीच्या दाण्याएवढी नखावर घेऊन तान्ह्याच्या जिभेला लावली की लेकरू दिवसभर झोळीत गप्प आणि आईचा हात दिवसभर बोंडावर. गावात यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

झुंबरबाईला सारं गाव अक्का म्हणे. अक्कानं वेचणी सोडली आणि बांधावरच्या लिंबाला सगळ्यांच्या झोळ्या टांगल्या. दोन दोऱ्या हातांत, दोन पायांच्या अंगठ्यांना, एक दातांत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाईला कुणीतरी झाडाशी बांधून घातलंय. लेकरू भुकेनं रडलं की दातांतली दोरी सोडून ती आईच्या नावानं अशी हाक मारी की शेजारच्या वावरातल्या बायाही पदर सावरत धावत. लोटन म्हणे, या लिंबाखाली माझं रोज अर्धं वावर वेचायचं राहतं.

ताईबाईचा मुलगा पुना दात येताना तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी तिनं लोटनकडून दाणा घेतला. तो नखावर होता तेवढ्यात अक्का समोर आली. ताईबाई शिव्यांची वाट पाहत राहिली. अक्काचा आवाज इतका हळू तिनं कधी ऐकला नव्हता.

"मना पयला पोऱ्या बी असाच निजना व्हता. मीच दिन्ही व्हती. तो उठना नही."

ताईबाईनं नख लिंबाच्या खोडाला पुसलं. पुना रडत रडतच मोठा झाला.

चौऱ्याहत्तर साली अक्काचं डोकं चालेनासं झालं. कुणी हाक मारो न मारो, ती वावरात पोचायची, दिसेल त्या झोळीतलं लेकरू उचलायची आणि पळत सुटायची. एकदा लेकरासकट पाटात पडली. बाया बिथरल्या. लोटननं ताईबाईला बजावलं, म्हातारी आवरा, नाहीतर उद्यापासून तुम्हीही घरी बसा. मग हसून त्यानं तिच्या हातावर पुडी ठेवली. "वहिनी, म्हातारी बी लेकरूच शे."

दुसऱ्या दिवशी ताईबाईनं अक्काच्या चहात बाजरीच्या दाण्याएवढी ढवळली आणि वेचणीला गेली.

अक्का पुढं अडीच वर्षं जगली. माणसं ती ओळखत नव्हती, पण चहाची वेळ तिनं कधी चुकू दिली नाही.