पन्नाशीत मोकळे!

आमच्या माळ्यावर रिकाम्या डब्यांचं एक खोकं आहे. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, झाकण हरवलेले डबे. एकेक करून कधी साठतात ते कळत नाही आणि एक दिवस अख्खं खोकं डोक्यावर येतं. माझ्या नवऱ्याच्या मित्रमंडळाचे किस्से असेच साठलेत. वेळीच कोणाला तरी सांगितलेले बरे.

मंडळात माणसं तीनच. माझा नवरा शिरीष, डोंबिवलीचा केदार आणि विठ्ठलवाडीचा सतीश. तिघे कॉलेजपासूनचे मित्र, तिघेही शेहेचाळीस वर्षांचे आणि तिघेही नोकरीला विटलेले. दोन वर्षांपूर्वी शिरीषने मोबाइलवर कसले तरी व्हिडिओ बघितले आणि ह्यांना आर्थिक स्वातंत्र्याचा शोध लागला. रोजच्या सवयी बदलायच्या, खर्च कापायचे, उरेल ते गुंतवायचं आणि पन्नासाव्या वर्षी नोकरीला रामराम! लगेच ग्रुप निघाला. नाव, 'पन्नाशीत मोकळे'.

खरं सांगते, मला हे आवडलं होतं. मी कोलशेतच्या एका कंपनीत बावीस वर्षं परचेसला आहे. सकाळी सात दहाला वर्तकनगरच्या नाक्यावर आमची बस येते. बावीस वर्षांत कामाच्या दिवशी मी सकाळचा चहा एकदाही बसून प्यायलेली नाही. मला ती बस सोडायची आहे, बाकी काही नको. शिरीष म्हणाला, "विद्या, पन्नाशीत आपण मोकळे!" त्या 'आपण'च्या भरवशावर मी पुढचं सगळं सहन केलं.

* * *

पहिला नियम ठरला, बाहेर खाणं बंद. नियम पाळला जातोय की नाही हे तपासायला दर रविवारी भेटायचं ठरलं. कुठे? नाक्यावरच्या हॉटेलात!

पहिल्या रविवारी शिरीष अकरा वाजता घरी आला. शर्टावर तर्रीचा डाग.

"अरे, बाहेर खाणं बंद ना?"

"अगं, ते खाणं नव्हतं. मीटिंग होती."

"आणि मिसळ?"

"बसायला जागा नको का? नुसतं बसलं तर मालक उठवतो!"

केदार डोंबिवलीहून आणि सतीश विठ्ठलवाडीहून भाडं खर्चून बचतीवर चर्चा करायला यायचे. तीन मिसळी, जादा पाव, वर ताक. दोन महिन्यांनी मी शिरीषला विचारलं, "ग्रुप निघायच्या आधी तुम्ही तिघं बाहेर किती वेळा खायचात?"

शिरीष माणूस प्रामाणिक आहे. बराच वेळ आठवून म्हणाला, "महिन्यातून एकदा."

* * *

आमच्याकडे सासूबाई असतात. शाळेत गणित शिकवायच्या. शेवटची काही वर्षं अख्ख्या शाळेचे निकाल त्यांनीच कॉम्प्युटरवर केले, त्यामुळे शिरीषच्या लॅपटॉपला त्या घाबरत नाहीत. बोलतात कमी, पण बोलल्या की विषय संपतो.

शिरीषने विजेच्या बिलाचा अभ्यास करून गीझरचं वेळापत्रक लावलं. माणशी सहा मिनिटं! हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन तो स्वतः बाथरूमबाहेर उभा राहायचा आणि सातव्या मिनिटाला बटण बंद करायचा. आमचा गीझर एवढुसा, बटण बंद झालं की लगेच गार पाणी.

तिसऱ्या दिवशी आईंचं न्हाणं होतं. आतून शांतपणे आवाज आला, "शिरीष, बटण."

"आई, सहा मिनिटं झाली गं."

"बत्तीस वर्षं मी घंटेच्या तालावर जगले. रिटायर मी झालेय, तू अजून व्हायचा आहेस. बटण लाव."

बटण लागलं. भिंतीवरचं वेळापत्रकही त्याच दिवशी निघालं. फक्त माझी सहा मिनिटं तशीच राहिली, कारण मला सात दहाची बस असते ना!

* * *

सतीशचा नियम तीस दिवसांचा. काहीही घ्यावंसं वाटलं की वहीत लिहायचं आणि तीस दिवस थांबायचं. तीस दिवसांनीही हवंसं वाटलं तरच घ्यायचं. ऐकायला किती छान!

त्याच्या घरचा मिक्सर बंद पडला. सतीशने वहीत लिहिलं, 'मिक्सर'. खाली तारीख.

बायको म्हणाली, "अहो, इडलीचं पीठ भिजलंय!"

"बघू या ना, खरंच गरज आहे का ते."

मग शेजारच्या सावंतकाकूंचा मिक्सर आणणं सुरू झालं. सकाळी चटणी, दुपारी वाटण, शनिवारी इडलीचं पीठ. काकू बिचाऱ्या भिडेखातर काही बोलायच्या नाहीत. सव्विसाव्या दिवशी सतीशकडे पुरणपोळी ठरली. अर्धं पुरण झालं आणि काकूंच्या मिक्सरमधून धूर निघाला!

सतीश तरीही चार दिवस थांबला. नियम म्हणजे नियम! तिसाव्या दिवशी तो दुकानात गेला आणि दोन मिक्सर घेऊन आला.

रविवारच्या मीटिंगमध्ये त्याचा रिपोर्ट काय होता माहितीये? "मिक्सरची खरंच गरज होती, हे सिद्ध झालं."

* * *

केदारने न्हावी बंद केला. केस कापायचं मशीन आणलं आणि आरशासमोर उभा राहिला. मागची बाजू आरशात दिसत नाही, हे त्याला मागची बाजू झाल्यावर कळलं. इकडे थोडं जास्त गेलं, म्हणून तिकडे थोडं घेतलं, असं करत करत शेवटी अख्खं डोकं सफाचट! आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतच त्याच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज.

ही हकीकत मला त्याच्या बायकोने, नीलिमाने सांगितली. सांगताना तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. कार्यालयात शिरल्या शिरल्या नात्यातल्या एक मावशी केदारकडे बघतच राहिल्या. मुंजीत डोकं करायचं ते बटूचं! ह्या घोड्याने का केलंय? बरं, गावाकडून आलेल्या मावशींना एकच कारण ठाऊक. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अरे केदार, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस? आणि सुतकात मुंजीला आलास?"

केदारला काहीच कळेना. बघता बघता चार बायका जमल्या. एकीने नीलिमाच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. कोणीतरी म्हणालं, "फार सज्जन माणूस. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

तेवढ्यात गर्दी बघून केदारचे वडील हातात जिलबीची ताटली घेऊन मागून आले आणि म्हणाले, "अरे अरे, कोण गेलं?"

* * *

असं दीड वर्ष चाललं. ह्या जूनमध्ये शिरीषने मला लॅपटॉपसमोर बसवलं. पूर्ण प्लॅन एका शीटमध्ये तयार होता. वर दोघांचे पगार, जवळजवळ सारखेच. आम्ही दोघं एकाच वर्षीचे. खाली गुंतवणूक, घरखर्च, आईंची औषधं, सगळं अगदी व्यवस्थित. शेवटी दोन ओळी हिरव्या रंगात होत्या.

'शिरीष, नोकरी सोडणार: वय ५०.'

'विद्या, नोकरी सोडणार: वय ५८.'

मी दोनदा वाचलं. "आपण मोकळे म्हणाला होतास ना?"

"अगं, आपणच! तुझा पगार चालू राहणार म्हणून तर मला सोडता येतंय. तुझी नोकरी पक्की आहे, तुला सवयही झालीये."

"बसची?"

"असं काय करतेस? घर एक, पैसा एक. कोण आधी, कोण नंतर, काय फरक पडतो?"

तो हे अगदी सहज बोलला. मी उठून किचनमध्ये गेले. दीड वर्ष सहा मिनिटांत आंघोळी केल्या त्या ह्याच्यासाठी? त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. आई समोर बसून शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकूनही काही बोलल्या नाहीत. मला त्यांचाही राग आला.

* * *

पुढच्या रविवारी मीटिंग आमच्या घरी होती. बाहेर खाणं शेवटी खरोखर बंद झालं होतं, म्हणजे उपमा मी करायचा! केदार आणि सतीश सोफ्यावर, आई त्यांच्या खुर्चीत. शिरीषने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मित्रांना प्लॅन दाखवायचा होता. मी किचनच्या दारात उभी होते, हातात झारा.

शीट उघडलं. पगार, गुंतवणूक, खर्च. शिरीष एकेक ओळ समजावत खाली आला.

सतीशने चष्मा पुसून पुन्हा घातला. "शिऱ्या, तू अठ्ठावन्नला सोडणार? मग ग्रुपचं नाव काय ठेवायचं?"

शिरीषने वळून टीव्हीकडे बघितलं.

'विद्या, नोकरी सोडणार: वय ५०.'

'शिरीष, नोकरी सोडणार: वय ५८.'

त्याने माझ्याकडे बघितलं. मी झारा हातात धरून तशीच उभी. देवाशपथ, मी त्या लॅपटॉपला हातही लावला नव्हता!

"हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाल्या. "दोन आकडे इकडचे तिकडे केलेत. उत्तर तेच येतंय, तपासून बघ."

"आई, अगं पण..."

"कोण आधी, कोण नंतर, काय फरक पडतो?"

केदार खाली बघून टकलावरून हात फिरवत बसला. सतीशने वही मिटली. शिरीष मात्र खरंच तपासायला बसला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

आई उठल्या, किचनमध्ये आल्या आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"चहा मी टाकते," त्या म्हणाल्या, "तू बस."