रापणीतला बाईंचा वाटा

मी आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा मुख्याध्यापिका सुमतीबाईंनी माझ्या पायांकडे पाहिले. "या वहाणा वाळूत टिकायच्या नाहीत. मुलांना घरून आणावं लागतं," एवढेच त्या म्हणाल्या. हीच आमची पहिली ओळख.

त्याच सुमारास पक्का रस्ता झाला, बर्फाचे ट्रक येऊ लागले आणि मासळीला भाव आला. कुडाच्या जागी चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. आता सगळे आपोआप सुधारेल, असे आम्ही धरून चाललो होतो. बाईंना ते पटत नसे. मासळी ट्रकपर्यंत न्यायला हात कमी पडू लागले आणि शाळेतले मुलींचे बाक रिकामे झाले. खोकणारी मुले चिऱ्यांच्या घरातही खोकतच होती.

चौथीतली चंद्राही यायची थांबली. बाईंनी तिची आई आनंदी हिला किनाऱ्यावर गाठले.

"चेडू शाळेत गेला तर टोपली कोण उचलतला?" आनंदीने लेकीच्या डोक्यावरच्या टोपलीकडे बोट दाखवत विचारले.

समोर रापण ओढणे चालू होते. या मोठ्या जाळ्याच्या दोरीला जो हात लावील त्याला वाटा, हा इथला रिवाज. बाईंनी पदर खोचला आणि दोरी धरली. जाळे वर येईपर्यंत त्यांचे हात सोलून निघाले. मासे न खाणाऱ्या घरातल्या बाईंपुढे बांगड्यांचा ढीग पडला, तेव्हा किनारा हसला, मीही हसलो.

"हा वाटा तुम्ही घ्या, चंद्रा मला द्या," बाई आनंदीला म्हणाल्या.

"आणि फाल्यां?"

"उद्याही ओढीन."

त्या खरोखरच येत राहिल्या. शेवटी रापणीचे म्होरके, म्हातारे तांडेल म्हणाले, "बाई, तुमी शाळा सांभाळा. तुमचो वाटो आमी काढतलो."

चंद्रा यंदा मॅट्रिक होऊन परिचारिकेच्या शिक्षणाला गेली. निघताना तिने बाईंचे हात हातात घेतले. एरवी कोरड्या वाटणाऱ्या बाईंचे डोळे तेव्हा भरून आले. मलाही फार अभिमान वाटला.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचा वाटा अजून निघतो आणि शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी जातो. मात्र रापणीत वाटा निघतो तो हयात माणसाचाच. म्हणून बाईंनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी, ही आमची इच्छा थोडी स्वार्थाचीही आहे. चौथीच्या वर्गात यंदा नऊ मुली आहेत.