अप्पांच्या खांद्यामागचा बदाम

मी केळव्याहून निघाले त्या सकाळी अप्पा वाडीत होते. गाडी वळणावर येऊन उभी होती, नवरा डिकीत बॅगा बसवण्याची खटपट करत होता, आई शेजारणींच्या गराड्यात डोळे पुसत होती, आणि वडिलांचा पत्ता नव्हता. धाकट्या दिनेशला पिटाळलं तेव्हा कुठे ते आले. अनवाणी, हाताला केळीच्या सोपटाचे धागे चिकटलेले. पानवेलीचे कोंब बांधता बांधता उठून आले होते. म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आनि थंडी हाय म्हणतात तिकडं, पायात घालत जा." एवढं बोलून परत वाडीकडे वळले. गाडी सुटली तेव्हा काचेतून मला त्यांची पाठच दिसली. मुलगी कॅनडाला चालली आहे आणि या माणसाला वेलींची पडली आहे, म्हणून पार वसईपर्यंत मी धुसफुसत होते.

पानवेलीच्या वाडीत पायात घालून जायचं नसतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. वेल फार नाजूक, तिला विटाळ खपत नाही, अशी समजूत. फाटकाशी चपला काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत. मी वयात आल्यावर महिन्याचे चार दिवस मला फाटकाबाहेरच थांबावं लागे. सुतकात तर घरचं कोणीच आत जात नाही. "चपला भायेर" हे अप्पांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझं नाव त्यांनी तेवढ्या वेळा घेतलं असेल का, शंकाच आहे.

एडमंटनमध्ये आमची वीस वर्षं होत आली. नवरा तारापूरच्या कारखान्यांत केमिकलचा वास घेऊन कंटाळला होता, तिथे जाऊन दुसऱ्या कारखान्यात लागला. मी एका मोठ्या ग्रोसरीच्या दुकानात बेकरी सेक्शनला आहे. हातमोजे, डोक्याला जाळी, ओठांवर स्माईल. रिया तिथेच जन्मली. व्हिडिओ कॉल सुरू झाले तेव्हा मी अप्पांना नवं घर दाखवलं. बेसमेंट, बॅकयार्ड, डिशवॉशर. त्यांनी विचारलं एवढंच, "चपला भायेर काढतात ना तिकडे?" बर्फामुळे सगळेच दाराशी बूट काढतात म्हटल्यावर एकदम खूश. "मग बरे लोक हायेत."

मधल्या काळात आमच्या वळणावर ती पाटी आली. पाटी कसली, माणसाच्या उंचीची अक्षरंच. इंग्रजीतला आय, मग लाल बदाम, मग देवनागरीत 'केळवे'. आता शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्या समुद्रावर जायच्या आधी तिथे थांबतात आणि फोटोसाठी रांग लागते. दिनेशने अप्पांनाही एकदा तिथे उभं केलं आणि तो फोटो मला पाठवला. पांढरा सदरा, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मागे बदाम. मी फोनवर चिडवलं, "काय अप्पा, गावावर लव्ह?" ते म्हणाले, "लव्ह करायला मुंबईवाले येतात. आमी हितं नुसते राहतो."

त्यांच्या छातीत कळ आली ती वाडीतच. दिनेशने आणि शेजारच्या विलासकाकांनी उचलून गाडीत घातलं. पालघरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दोन विमानं बदलून घरी आले तोवर राखसुद्धा गोळा झाली होती.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, तुम्ही जे गाव सोडून गेलात त्यांच्यासाठी, आणि जे राहिलात त्यांच्यासाठीही. गेलेल्यांना हे सांगायला नको. दारात चपलांचा ढीग, आत बायका, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे, की ही आता टाहो फोडणार. मला रडू आलं नाही. आईच्या गळ्यात पडले तेव्हाही नाही. मनात आलं, हॉलमधला पंखा बदललेला दिसतोय. एडमंटनच्या थंडीत हातमोजे विसरले तर बोटं आधी दुखतात आणि मग दुखायची थांबतात. थांबली की खरी काळजी करायची, हे तिथे पहिल्याच हिवाळ्यात शिकवतात. माझं दुखायचं थांबलं होतं.

कोपऱ्यात पाटावर अप्पांचा फोटो होता, हार घातलेला. पाहिल्यावर ओळखला. पाटीजवळचाच, फक्त चेहरा कापून मोठा केलेला. त्यांच्या उजव्या खांद्यामागे बदामाचा एक लाल तुकडा राहून गेला होता. आई म्हणाली, "फोटोवाला इचारत होता, मागचं लाल काढून टाकू का. मी म्हटलं राहू दे."

मग दिवस सुरू झाले. दिनेशने मुंडण केलेलं, तो आणि आई चटईवर झोपत, म्हणून मीही चटईवर. ते पिठलंभात खात, मीही तेच खाई. देवघर बंद. कोणी भेटायला आलं की तीच हकीकत आई पुन्हा पहिल्यापासून सांगे आणि मी पाणी आणून देई. बेकरीतली सवय, हात आपोआप चालतात. मला जायचं होतं ते वाडीत. विमानात चौदा वेळा तरी ठरवलं होतं, की घरी नाही तर तिथे रडू येईल. अप्पा मला घरात कधी भेटलेच नव्हते, भेटले ते वाडीत, वेलींच्या सावलीत, पाठमोरे. पण सूतक होतं. विलासकाका पंप लावून पाणी तेवढं सोडत होते. दिनेशसुद्धा फाटकाकडे फिरकत नव्हता, मग मी कशी जाणार? रजा मोजकीच मिळालेली, दहाव्याच्या आधीच माझं परतीचं तिकीट. म्हणजे या वेळी वाडी नाहीच.

निघायच्या आदल्या दिवशी रियाचा मेसेज आला. आजोबा उभे होते तिथे तू उभी राहा आणि फोटो पाठव. सुतकात फोटो काय काढायचे, असं मला वाटलं. दिनेश म्हणाला, "चल ताई, पोरीने मागितलाय. मी टोपी घालतो."

त्याच्या स्कूटरवरून गेलो. पाटीपाशी ठाण्याचं एक कुटुंब होतं, दोन मुली, एक आजी, सगळ्यांच्या डोक्यावर बाजारातून घेतलेल्या वेताच्या टोप्या. दिनेशला कोणी ओळखीचं बघेल म्हणून तो झाडाखाली लांब थांबला. त्या कुटुंबातली बाई मला म्हणाली, "काकी, आमचा एक काढता का? मग तुमचा काढते." मी त्यांचे काढले. उभे, आडवे, उड्या मारतानाचे. तिने मला विचारलं, "तुम्ही पण मुंबईच्या का?" मी म्हटलं, "नाही, लांबून आले." खोटं नव्हतं ते.

मग मी उभी राहिले. अप्पा नेमके कुठे उभे असतील ते बदामावरून शोधलं. बदामाच्या खालच्या अंगाला, थोडं डावीकडे. पत्रा उन्हाने तापला होता. काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. पायाखाली पेव्हर ब्लॉक होते आणि एक आइस्क्रीमची काडी. "स्माईल करा ना काकी!" ती म्हणाली, आणि मी केलं. तेवढ्यात माझी नजर रस्त्यापलीकडे गेली. तिथून आमच्या वाडीचं फाटक दिसतं. फाटकाबाहेर, दगडाला लागून, चपलांचा एक जोड होता. तपकिरी, एका अंगठ्याला तार गुंडाळलेली.

त्यांना उचलून नेलं तेव्हा चपला कोणाच्या लक्षात आल्या असतील? आणि नंतर घरचं तिकडे कोणी गेलंच नाही.

"काकी, इकडे बघा, कॅमेऱ्यात!"

संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले. म्हणाली, "उद्या निघायच्या आधी वाडीत जाऊन ये. कोंब लोंबायला लागलेत म्हणे. विलास पाणी सोडतो, पण बांधायचं त्याला जमत नाय."

"मी? सूतक आहे ना आई."

"तुला कसलं सूतक? तू लग्न झालेली. तुझं तीन दिवसांत फिटलं."

लेकीचं सूतक तीन दिवसांचं, हे मलाही एके काळी माहीत होतं. वीस वर्षांत विसरले. तिथे कोण कोणाचं सूतक पाळतो? मी आपली घरच्यांबरोबर चटईवर झोपून, पिठलंभात खाऊन, वाडीकडे पाठ करून बसले होते, आणि इतके दिवस मला कोणी अडवलेलंच नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला पाळायचं हाय. पाळू दे, म्हटलं. बाप तुझापन होता."

तिने सहज म्हटलं. लागावं म्हणून नाही. पण मला लागलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी लागलं. या घराच्या दुःखात माझा वाटा तीन दिवसांचा. माझं नाव या घरातून कधीच कमी झालेलं, आणि झालेलं आहे म्हणूनच आज वाडीत जायची मुभा मला एकटीला. दिनेशला नाही, आईला नाही. ज्यांची वाडी, ते बाहेर.

सकाळी गेले. फाटकाशी माझे स्पोर्ट्स शूज काढले, त्यांच्या चपलांशेजारी ठेवले, बादलीतल्या पाण्याने पाय धुतले. आत गारवा होता, ओल्या मातीचा आणि पानांचा वास. जमीन पायाला थंड लागली. कोंब खरोखरच लोंबत होते, काठी सोडून भलतीकडे वळलेले. अप्पांनी अर्धी ओळ बांधली होती. कुठपर्यंत ते स्पष्ट दिसत होतं, कारण सोपटाचे धागे तिथे खाली पडले होते, वाळून कडक झालेले. मी ते पाण्यात भिजवले आणि पुढची ओळ बांधायला घेतली. गाठ सैल ठेवायची, नाहीतर देठाला काचते. हाताला आठवत होतं. मला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. हुंदके नाहीत, काही नाही. पण गाडी वळणावर येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा ओळ पुरी झाली नव्हती, आणि मला उठवेना. दिनेश फाटकाबाहेरून हाका मारत होता, "ताई, चल, विमान चुकेल!" आत येता येत नव्हतं त्याला. त्या सकाळी अप्पांनी मला पोचवायला किती मिनिटं दिली, यावर मी वीस वर्षं रुसले होते. आता कळलं की ते उठून आले हेच पुष्कळ होतं.

ओळ तशीच टाकून उठले.

आई दारात उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल. मग हातांकडे.

"त्यांच्या चपला आणल्यास?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "असू देत तिथंच."

एडमंटनला पोचून आता तीन आठवडे झाले. शिफ्ट सुरू आहे, बाहेर बर्फ आहे. दहावा, तेरावा मी फोनवर पाहिला. दिनेश आता वाडीत जातो, त्याने माझी राहिलेली ओळ पुरी केली म्हणे, आणि माझ्या गाठी फार सैल म्हणून दोन-चार सोडून पुन्हा बांधल्या. रियाने पाटीजवळचा माझा फोटो फ्रिजवर लावलाय, शेजारी आजोबांचा. काल फ्रिजमधून दूध घेता घेता म्हणाली, "आई, आजोबा कॅमेऱ्यात बघतायत. तू कुठे बघते आहेस?"

मी फोटोकडे नीट पाहिलं. ओठांवर बेकरीतलं स्माईल आहे, मागे तो लाल बदाम, आणि डोळे भलतीकडे.

"घराकडे," म्हणाले.

आमचं घर त्या बाजूला नाही. त्या बाजूला वाडीचं फाटक आहे, आणि फाटकाबाहेर अप्पांच्या चपला.