चाकावरचा भोपळा

फायसन कचिंग्वेनं सव्वीस वर्षं ट्रक हाकला, पण दुसऱ्याच्या मालातली टाचणीसुद्धा इकडची तिकडे केली नाही. एकदा वाटेत कुणाची तरी कोंबडी केबिनमध्ये शिरून बसली, तर ती परत द्यायला हा पठ्ठ्या बारा मैल उलटा गेला! अशा माणसाला नाक्यावरच्या मसाउको साहेबानं चोर म्हणावं?

मलावीला समुद्र नाही. समुद्र शेजाऱ्याचा, बंदर शेजाऱ्याचं. मीठ असो की टायर, सगळं त्याच्या दारातून यायचं. फायसन बंदरावरून शाळेच्या वह्या घेऊन निघाला आणि तीन दिवसांत सरहद्दीवरच्या कासुपे नाक्यावर पोचला. माल पोचवायचा परवाना चार दिवसांचा. पण तिकडचा संगणक इकडच्या संगणकाशी बोलेना. सगळ्या गाड्या फाटकाबाहेरच्या मैदानात उभ्या. फाटकावर मात्र झोकात पाटी: 'तीन तासांत सुटका'.

पहिल्याच संध्याकाळी अमाय देलियानं त्याला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि उकडलेला भोपळा वाढला. तिची खाणावळीची चूल त्या मैदानातच होती; सगळे ड्रायव्हर तिला अमाय, म्हणजे आई, म्हणत. तिनं चिरताना काढून टाकलेल्या भोपळ्याच्या दोन कच्च्या बिया फायसननं मागच्या चाकाशी मातीत दाबल्या. हात धुतलेलं पाणी तिथंच जायचं.

"काय रे बाबा, वेल धरेपर्यंत मुक्काम का?" देलिया हसली.

"गंमत हो, अमाय."

गमतीला कोंब आला, पानं फुटली, तणाव्यांनी चाकाचे नट धरले. शाळा सुरू झाल्या, वह्या मैदानात. चौतिसाव्या दिवशी खिडकीवर फायसनचं नाव पुकारलं.

मसाउको साहेब म्हणाला, "चार दिवसांचा परवाना, लागले सदतीस. मधे माल कुठं विकलास?"

"साहेब, मी तुमच्या दारातच होतो! सील बघा, शाबूत आहे."

"सील काय, खोटंही बसवतात. आमच्या वहीत तू आज आलास. तुझा सरहद्द ओलांडायचा परवानाच कायमचा रद्द."

म्हणजे पोटावरच पाय! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. फायसनचे कान तापले. "बाहेर या, साक्षीदार दाखवतो."

"फाटकाबाहेर माझी हद्द नाही."

देलिया पळी घेऊन फाटकाशीच उभी होती. "हद्द नाही? मग माझे मासे न्यायला तुमचा शिपाई रोज दुपारी फाटकाबाहेर कसा येतो हो?"

ड्रायव्हर खो खो हसले. साहेबाला यावंच लागलं.

फायसननं चाक दाखवलं. वेल त्याला चार वेढे घालून वर चढली होती, एक पिवळं फूलही होतं. "मोजा दिवस! चाक वीतभर जरी हललं असतं, तरी ही जगली असती का?"

साहेब म्हणाला, "वेल म्हणजे काही कागद नव्हे. गाडी आत घे, मग बोलू."

फायसनच्या डोक्यात लख्ख उजाडलं. चाक एकदा फिरलं की साक्षीदार मेला! त्यानं किल्ली काढून देलियाच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेच्या कापडात गाठ मारून बांधली.

"आधी लिहा, साहेब. मग हलवतो."

मागच्या गाडीचं इंजिन बंद झालं. मग तिच्या मागचं. कुणीच गाडी हलवेना. साहेबानं घाम पुसला, कागद बॉनेटवर ठेवला आणि लिहिलं: 'चौतीस दिवस नाक्याबाहेर उभा. चाकावर भोपळ्याची वेल समक्ष पाहिली.' सही केली, शिक्का मारला.

सरहद्दीचा परवाना वाचला. फायसननं गाडी सुरू केली, वेल काडकन तुटली आणि त्याच्या तोंडून शिवी निघाली. सव्वीस वर्षांच्या शब्दाला किंमत नाही, एका भोपळ्याला आहे! देलियानं कोवळी पानं भाजीसाठी खुडून घेतली.

पुढच्या फेरीला तो आला, तेव्हा रांग तेवढीच होती. 'तीन तासांत सुटका' जागच्या जागी होती. मैदानात मात्र नवी कोरी पाटी रोवलेली: 'येथे लागवड करण्यास सक्त मनाई आहे.'

"आता कुठून आली हो हद्द?" फायसन त्या पाटीवरच ओरडला. मग मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि खिशातून दोन बिया काढल्या.