नळीतून आरपार बघणारे मामा

जगातली कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटणारा माणूस आमच्या हिच्या मामांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. मुलुंडच्या बाजारात एकदा एका बासरीवाल्याने मोठ्या आशेने त्यांच्या हातात बासरी दिली. मामांनी ती ओठांना लावलीच नाही. डोळ्याला लावली, हळूहळू फिरवून आतून नीट तपासली, "स्वच्छ आहे" असं म्हणून परत केली आणि पुढे चालू लागले. तो बिचारा बराच वेळ स्वतःच त्या बासरीतून आत बघत उभा होता.

मामांचा धंदाच तसा. जुन्या शिकारी बंदुकांच्या नळ्या तपासायच्या आणि दुरुस्त करायच्या. पुढे परवान्याचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. त्यातही त्यांचा खरा जीव दमास्कस नळ्यांवर. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या वेणीसारख्या पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, अशी ती जुनी नळी. वरून घासून, गंज चढवून, उकळून काढली की अंगावर लाटांसारखी नक्षी उमटते. गंज एकसारखा चढायला दमट हवा लागते, आणि मामांच्या घरात सगळ्यांत दमट जागा म्हणजे न्हाणीघर. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे मुक्कामाला गेलो, तेव्हा आंघोळीला आत शिरलो तर डोक्यावर दोरीला दोन नळ्या लोंबत होत्या. बाहेरून मामा अगदी प्रेमाने म्हणाले, "जावईबापू, अजून एक बादली गरम पाणी घ्या. थंडीचे दिवस आहेत." तेव्हा मे महिना चालू होता.

मामी या सगळ्याला सरावल्या होत्या. ज्या लांबट पत्र्याच्या भांड्यात नळ्या उकळायच्या, त्याला मात्र त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. त्यांची एकच तक्रार होती. मामा त्यांच्या कपबश्या आणि पातेली नखाने वाजवून बघत. नळी टांगून हलकेच टिचकी मारली की चांगली नळी घंटेसारखी वाजते, सांधा सुटलेली असली की बद्द आवाज येतो. ही सवय हाताला लागलेली. आमचा प्रेशर कुकरही त्यांनी असाच वाजवून नापास केला आणि नवा येईपर्यंत आमच्याकडे वरणभात खाल्ला नाही.

एकदा मी दुकानात बसलो असताना घाटकोपरचे एक तात्या आले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. गावी देवीची पालखी बाहेर पडताना त्यांच्या घराण्याने बंदुकीचा बार काढायचा, असा मान होता. थोरले भाऊ नुकतेच गेले होते, परवाना तात्यांच्या नावावर झाला होता आणि यंदा पहिल्यांदाच मान त्यांच्याकडे आला होता. दुनळी बंदूक त्यांनी धुतलेल्या पंचात गुंडाळून आणली होती. फक्त जरा चकचकीत करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मामांनी नळी टांगली, टिचकी मारली आणि त्यांचा चेहराच उतरला. मग आतून बघितलं, जाडी मोजली. उजव्या नळीत पट्ट्यांच्या जोडातून गंज आत शिरला होता. ही उडवायची नाही, असं त्यांनी सांगितलं. तात्यांना ते पटेना. त्यांनी बंदूक पुन्हा पंचात गुंडाळायला घेतली.

"माझ्या आज्यान बार काढलो, बापाशीन काढलो, भावान काढलो," ते म्हणाले. "आणि माझ्याच येळाक ती कशी फुटात?"

मामांनी वाद घातला नाही. न्यायची तर न्या, पण चहा पिऊन जा, असं म्हणाले आणि तात्यांच्या परवानगीने नळी पुन्हा हातात घेतली. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्यांनी ती बाहेरून फासली. ती वाळल्यावर खालचं तोंड बुचाने बंद करून आत रॉकेल भरलं. आम्ही चहा घेतला. मामींनी खोबऱ्याच्या वड्या आणल्या. तात्या गावच्या देवळाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता थांबले. पांढऱ्या खडूवर, बरोबर डावा हात धरतो त्या जागी, एक ओली काळपट रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, पण बोटभर लांब.

नकळत तात्यांनी आपला डावा हात मांडीखाली घेतला.

"आता देवीक काय सांगू?"

"तुम्ही दोन्ही हात घेऊन पालखीला जा," मामा म्हणाले. "आवाजाचं आपण बघू."

मग मामांनी त्या निकामी नळीवर जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्या चालत्या नळीवर घेतलेली मी पाहिली नाही. चाप-घोडे कायमचे बंद केले आणि नक्षी अशी उठवली की मामीसुद्धा पदराला हात पुसून बघायला आल्या. गावातल्या दुसऱ्या एका परवानेवाल्याची बंदूक त्यांनी तपासून दिली. जत्रेला मला बरोबर नेलं. पालखी निघाली, शेजारी उभ्या त्या परवानेवाल्याने बार काढला आणि तात्या आपली दुनळी खांद्याला लावून ताठ उभे राहिले. बायाबापड्या त्यांनाच नमस्कार करत होत्या. मामा कुठे दिसेनात म्हणून मी शोधलं, तर ते देवळामागे कानात बोटं घालून उभे. आयुष्य बंदुकांत गेलं, पण बाराचा आवाज त्यांना सोसत नाही, हे मला तिथे कळलं.

पुढे कितीतरी वर्षं तात्यांनी ती मिरवली. गेल्या वर्षी ते गेले, झोपेतच, शांतपणे. त्यांच्या मुलीला परवाना नको होता, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचं ठरलं. तिने मामांना सोबत बोलावलं आणि मामांनी मला. हल्ली दुकानात नळ्या फारशा येत नाहीत. ज्या येतात त्या बहुतेक अशाच शेवटच्या वाटेवर असतात. ठाण्यातल्या बाकावर बसून मामांनी खिशातून फडकं आणि तेलाची बाटली काढली आणि नळी टोकापासून टोकापर्यंत सावकाश पुसू लागले. समोरच्या हवालदाराला नवल वाटलं.

"काका, आता जमाच होणार ना ती. तेल कशाला?"

"पावसाळा तोंडावर आलाय," मामा म्हणाले, आणि फडक्याची घडी बदलून दुसरी नळी पुसायला घेतली.